ताटावरच्या प्रतिवादीस

कंधार, सोमवार

चि. मल्लिनाथ यास (कोर्टाच्या कागदात तू प्रतिवादी आहेस, पण मी थोरली असल्यामुळे आशीर्वाद आधी, दावा मागून) अक्काचे अनेक आशीर्वाद. महादेवाच्या कृपेने इकडे सगळे खुशाल. तुझा गुडघा कसा आहे? अंबिकेला म्हणावं, एरंडाचं पान गरम करून बांध. म्हैस व्याली का? वगार झाली असली तर कळव, रेडा झाला असला तर राहू दे.

मी चौथी पास, तीही मास्तरांनी कंटाळून पुढं ढकलली म्हणून. पत्र लिहायचं काम माझं नव्हे. पण तोंडी बोलायला लागले की तू चप्पल घालून शेताकडं निघतोस, म्हणून लिहून राहिले. पुरं वाच.

आप्पा गेले अन् तू हक्कसोडीचा कागद घेऊन आलास, वर इरकल लुगडं ठेवून. बहिणीनं लुगडं घ्यावं, सही करावी आणि बापाची पाचही एकर भावाला सोडावी, अशी रीत. मी म्हटलं, लुगडं दोन वर्षांत विरतं, माझ्या वाट्याची अडीच एकर कुठं विरतेय? तू लुगडं परत नेलंस (मी घडी मोडली नव्हती म्हणून नेता आलं) आणि मी तुमच्या तालुक्याच्या कोर्टात वाटणीचा दावा लावला.

आता कोर्ट कसं असतं ते सांगते, कारण तू एकदाही आला नाहीस. सकाळी सहाची एस.टी., बायकांचं अर्धं तिकीट. दहाला पोचायचं, आणि नाव कधी पुकारतील ते कुणालाच ठाऊक नाही. बसायला एक बाक, त्यावर वकिलांच्या बॅगा बसलेल्या. बायकांची मुतारी आहे, तिला कुलूप आहे, किल्ली शिपायाकडं आणि शिपाई चहाला. दुसऱ्या तारखेला मी त्या किल्लीमागं फिरत होते, तेवढ्यात तिकडं तीनदा पुकारा झाला. येऊन बघते तर कागदावर शेरा, वादी गैरहजर! अरे, गैरहजर कशी? नांदेड जिल्ह्यातून लातूर जिल्ह्यात आलेली बाई, मुतारीच्या दारात हजरच होते की.

तुझ्या नावाचं समन्स, म्हणजे कोर्टाचं बोलावणं, तीनदा गेलं आणि तीनदा परत आलं, “घरी नाहीत” म्हणून. समन्स तुझ्या हातात पडेपर्यंत दावा जागचा हलत नाही, हे तुला कुणीतरी शिकवलंय. (तुझं डोकं एवढं नाही, मी लहानपणापासून बघतेय.) म्हणून मीच बेलिफ मलप्पांना घेऊन तुझ्या दारात आले. मी माणूस दाखवायचा, त्यांनी कागद द्यायचा, एवढं सोपं काम. पण तू नुकता ताटावर बसलेला. अंबिकेनं शेंगाची पोळी वाढलेली, तुझ्या हातात पहिला घास. मलप्पांनी विचारलं, हेच का मल्लिनाथ सिद्रामप्पा? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “न्हाई न्हाई, ह्यो आमचा सालगडी हाय.” भरल्या ताटावरून माणूस उठवायचा म्हणजे पाप, मग तो प्रतिवादी का असेना. आणि तू? नुसती मान हलवलीस अन् अंबिकेला तूप मागितलंस! सालगड्याला कोण एवढं तूप वाढतं? पण मलप्पांनाही ताट मिळालं होतं, त्यांनी काही विचारलं नाही. दोन पोळ्या खाल्ल्या आणि कागद तसाच पिशवीत घालून गेले.

मलप्पांचा लेखी जबाब कोर्टात वाचून दाखवला, की घरात ताटावर तूपपोळी खात बसलेल्या माणसाला वादीनं सालगडी म्हणून सांगितलं. जजसाहेब पोरसवदा बाई आहेत. म्हणाल्या, “मावशी, सख्ख्या भावाला ओळखलं नाही?”

“ओळखलं म्हणूनच न्हाई म्हणाले, साहेब. ताटावर होता.”

सगळं कोर्ट हसलं. साहेबांनी फाइल तोंडापुढं धरली. मला राग आला, मी म्हटलं हसता काय, आधी त्या किल्लीचं बघा. पुकारायची वेळ फळ्यावर लिहा. आणि वकिलाला द्यायला मी बोरमाळ मोडली, ह्याचं काय? तेव्हा साहेब गंभीर झाल्या. म्हणाल्या, बाईमाणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, कुणी सांगितलं नाही का? कोण सांगणार! नऊ तारखा झाल्या, तोवर ही गोष्ट त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होती, एक मी सोडून.

पण खरं ते सांगते, पुढच्या तारखेला गेले तर दाराशी टेबल मांडलेलं, त्यावर साखराबाई नावाची बाई. कागद वाचून दाखवते, फुकट वकिलाचा अर्ज भरून देते, आणि किल्ली तिच्या गळ्यात! माझा अर्ज तिनंच भरला. नवी वकीलबाई मिळाली, तिच्या अर्जावर साहेबांनी समन्स माझ्याच हाती दिलं, तुम्हीच पोचवा म्हणून. तारीख येत्या सोळाची, दुपारी तीनला. त्या दिवशी मध्यस्थासमोर बसून मिटवायचं आहे. मला माळाकडची बाजू दिलीस तरी चालेल. पण सातबाऱ्यावर माझं नाव पाहिजे, आणि माहेरही पाहिजे. दोन्ही.

तुझी थोरली बहीण,
अक्का (वादी, हजर)

ता. क. वर कंधार लिहिलंय, पण हे शेवटचं तुझ्याच स्वयंपाकघरात बसून लिहून राहिले. तू म्हशीला पाणी दाखवायला गेला आहेस. आलास की पत्र माझ्या हातानं देईन. मागं टाचलेला कागद म्हणजे समन्स. खाली सही कर.

ता. क. दुसरा. पेन अंबिकेकडं आहे. ती माझ्या बाजूची झाली असं समजू नकोस. तिच्या बापाची उदगीरकडं आठ एकर आहे आणि भाऊ दोनच, एवढं फक्त मी तिला आत्ता बोलता बोलता विचारलं. सोळा तारखेला ती माझ्यासोबत येतेय, साखराबाईच्या टेबलापाशी तिचंही काम आहे.