शिंगाच्या मुठीचा चाकू

मी, मथुरा गणपत पालव, वय त्रेसष्ट, धंदा शेती आणि आंब्याची कलमे बांधणे, राहणार कट्टा, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी, आज स्वखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. ते नाही असे माझा दीर लवू गावभर सांगत फिरतो, म्हणून हे आधी लिहायला लावले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; दबाव आणील असा माणूस या पेठेत अजून जन्माला यायचा आहे. मी सांगते आहे आणि बाबली मास्तर लिहीत आहेत. मधेमधे ते "मृत्युपत्रात असे शब्द चालत नाहीत" म्हणतात. मला चालतात.

१) राहते घर, मागची पडवी आणि विहीर माझी एकुलती मुलगी विमला, जिला इन्सुलीला दिली आहे, तिला मिळावी. लग्न झालेल्या मुलीचा माहेरावर हक्क नसतो, असे लवू म्हणेल. तो कायदा बदलून नऊ वर्षे होत आली. मास्तरांनी मला वाचून दाखवला, लवूनेही कोणाकडून तरी वाचून घ्यावा.

२) भावाभावांच्या वाटणीत माझ्या नवऱ्याला आलेली हापूसची एकोणीस झाडेही विमलाचीच. दर पावसाळ्यात ती आठ-आठ दिवस येऊन माझ्याबरोबर कलमे बांधते. लवू त्या झाडांखाली फक्त आंबे उचलायला आला आहे. माझ्या नवऱ्याचा हात जायबंदी झाला तेव्हा पंधरा दिवसही न थांबता हा ओटीवर येऊन बसला आणि म्हणाला, "भावाचो हात गेलो, आता कलमां बांधतलो कोण? झाडां माका दिया." मी बांधीन म्हटले, तर हसला. "बायलमाणूस झाडार चडतली?"

३) चढले. म्हणून माझी बांबूची शिडी मी लवूला देते. तिच्या खालून चौथ्या पायरीचे दोर सैल झाले आहेत, ते त्याने आवळून घ्यावेत. त्याला याहून जास्त काही देऊ नये.

४) आता चाकू. हे लिहायचे म्हणून बाकीचे लिहिले.

माझ्या नवऱ्याएवढी भेटकलमे या भागात कोणी बांधली नसतील. रोपांच्या कुंड्या झाडाला बांधलेल्या माचावर चढवायच्या, रोपाची काडी आणि झाडाची फांदी दोन्हीकडून सारखी सोलायची आणि केळीच्या सोपटाने एकमेकींना बांधायची. मोसमात दिवसाला शंभर. त्याच चाकूने सुंभ तोडायचे, खुंट तासायचे, वाळकी फांदी छाटायची. एवढे सोसणारा चाकू हवा, आणि तोही मिटणारा, कारण कमरेला उघडी सुरी लावून झाडावर चढणारा माणूस फार दिवस चढत नाही.

सन १९५५ च्या दसऱ्याआधी आम्ही दोघे मालवणला गुरुदास शेटच्या दुकानात गेलो. नवऱ्याने चाकू निवडायला दुपार घालवली. मी वैतागले होते. आरशासारखी चकाकणारी पाती त्याने बघितलीदेखील नाहीत. एकेक चाकू उघडायचा, कानाशी न्यायचा आणि परत ठेवायचा. शेवटी काळ्या शिंगाच्या मुठीचा एक उघडला आणि मला म्हणाला, "आवाज आयकलंस? एकच खट. कमान खाचेत बसली. आता हत्ती बसलो तरी मिटूचो नाय."

खंडेनवमीला मी हत्यारे पूजली. कोयती, कुदळ आणि हा नवा चाकू. पाते उघडून त्याला गंध लावले, कुंकू लावले आणि वरून मूठभर अक्षता टाकल्या. नवी वस्तू म्हणून जरा जास्तच टाकल्या.

दसऱ्याच्या सकाळी तोरणासाठी टाळे, म्हणजे आंब्याचे डहाळे, काढायला नवरा झाडावर चढला. देवळात ढोल वाजत होते आणि खालून मी उरका उरका म्हणून ओरडत होते. त्याने चाकू उघडला, जाड फांदीला लावून जोर दिला, आणि चाकू त्याच्याच बोटांवर मिटला. तीन बोटे हाडापर्यंत कापली. जखम भरली, पण बोटे पुन्हा वळली नाहीत. पुढची सहा वर्षे, मरेपर्यंत, तो ओटीवर बसून मला खालून सांगायचा आणि मी माचावर बसून बांधायची. कधी ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपे गेले असते.

तिसऱ्या दिवशी गुरुदास शेट मालवणहून आमच्या दारात आले. हातात तसलाच दुसरा चाकू होता. म्हणाले, "वैनी, ह्यो चाकू असो मिटणा नाय. खाचेत कायतरी अडाकला आसतला. माका एकदा दाखवा." मी म्हटले, "माझ्या घोवाचो हात खाल्लंस, आता चाकू खातंस? पायरी चडलंस तर याद राख!" त्यांनी आणलेला चाकू हिसकावून मी विहिरीत टाकला. तो अजून तिथेच आहे, म्हणजे बाब १ प्रमाणे विमलाचा.

तेवढ्यावर थांबले नाही. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले. ज्याने खोटे लोखंड विकून माझ्या घराचा हात तोडला त्याच्या दुकानाला बरकत देऊ नकोस, असे म्हटले आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटले. लवूचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मालवणच्या बाजारात, कट्ट्याच्या पेठेत, जिथे चार माणसे दिसतील तिथे मी गुरुदास शेटना लबाड म्हटले. वर्षभरात त्यांच्याकडे कोणी चाकू घेईना. त्यांनी चाकूंची पेटी उचलून आत ठेवली. आता सुंभ आणि कंदिलाच्या काचा विकतात.

गेल्या महिन्यात मास्तर म्हणाले, चीजवस्तूंची यादी करा. मी ट्रंक उघडली. तळाशी फडक्यात गुंडाळलेला चाकू होता, नऊ वर्षे हात न लावलेला. उघडला. खट झाले नाही. सुईने खाच कोरली तर तांदळाचा अर्धा दाणा बाहेर आला. चेचलेला, आणि कुंकवाने लाल.

माझी अक्षत. मी टाकलेली.

पुन्हा उघडला. एकच खट. मग अंगणातल्या दगडाला लावून सगळा भार टाकला. मिटला नाही.

मास्तर म्हणाले, "मथुराबाय, चूक कोणाकडूनय होता." होते. पण "माका एकदा दाखवा" म्हणणाऱ्या माणसाला दारातून हाकलणे ही चूक नव्हे, तो माज. तो माझा होता आणि नऊ वर्षे मी तो दुःख म्हणून मिरवला. लवूवर माझा राग आहे, पण त्याच्या दसपट माझ्यावर आहे. मास्तर, हे जसेच्या तसे लिहा.

५) हा चाकू विमलाला मिळावा. पाते नव्यासारखे आहे. पुढे कधी दुसरा घ्यावा लागला तर तिने चकाकी बघू नये. पात्याची पाठ जाड असावी. उघडून डावीउजवीकडे हलवावे, खिळ्यात पाते डुलले तर ठेवून द्यावा. मूठ शिंगाची घ्यावी, गुळगुळीत मूठ चिकाच्या हातातून निसटते. खट एकदाच व्हावा. आणि दुकानात ऐकला म्हणून भागत नाही, प्रत्येक वेळी उघडताना ऐकावा. ढोल वाजत असतील तर ते थांबेपर्यंत थांबावे. बायको खालून ओरडत असेल तर ओरडू द्यावे. खंडेनवमीला चाकू मिटलेलाच पुजावा, वर एक फूल ठेवावे. तांदूळ भातासाठी असतात.

६) गाऱ्हाणे ज्या तोंडाने घातले त्याच तोंडाने उतरवायचे, ही आमची रीत. मृत्युपत्रातून ते होत नाही. म्हणून येत्या सोमवारी मी देवळात उभी राहून सगळ्यांसमोर सांगणार आहे की लोखंड खरे होते. मी भ्याले आणि गेले नाही, तर हे वाचणाऱ्यांनी मला भित्री म्हणावे, मेली म्हणून सोडू नये.

७) गुरुदास शेटना काही ठेवावे म्हणून मी मास्तरांना मालवणला पाठवले. त्यांनी निरोप दिला की काही नको. मग मी दुसरा निरोप धाडला, की निदान साक्षीला या. आज सकाळच्या गाडीने आले आहेत. पायरीखाली उभे होते, वर या म्हणून मला दोनदा सांगावे लागले.

वरील सर्व मजकूर मास्तरांनी मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. चार इयत्ता शिकले आहे, अंगठा उठवणार नाही.

सही: मथुरा गणपत पालव

साक्षीदार १: बाबली मास्तर, निवृत्त शिक्षक, कट्टा. मजकूर यांच्याच हातचा.

साक्षीदार २: गुरुदास शेट, व्यापारी, मालवण. यांनी सही करण्याआधी चाकू बघायला मागितला. मी दिला. त्यांनी उघडला, मिटला, पुन्हा उघडून कानाशी नेला. चाकू माझ्या हातात परत दिला आणि सही केली.

मुक्काम कट्टा, तारीख ९ मार्च १९६५.