सुरंगी पुन्हा फुलेपर्यंत

५ जून २०२०
सुरंगी आडवी! मुळं वर, फांद्या पाटात. मी कामाला येते ती सरदारांची ही जुनी बाग किती वादळं खाऊन उभी होती, परवाच्या वादळाला एक दुपार पुरली. घराचे पत्रे उडाले तेव्हा रडले नाही. इथे मात्र खोडाला धरून रडले. ह्यांना मुंबईला कळवू कसं? फोन बंद.

९ जून
बागेचे साहेब म्हणाले, "तोडून टाका." आमचे जुने माळी केरूआजोबा म्हणाले, "मूळ ओलं हाय. उभी करू." मुळांवर भिजली गोणपाटं टाकली. साहेब गेले, सुरंगी राहिली.

१४ जून
आजोबांनी आधी बागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं. "झाड उभं ऱ्हाऊ दे, मुंबैवाले सुखानं घरी येऊ देत!" "व्हय म्हाराजा!" – सगळ्यांत मोठा आवाज माझा. मग फांद्या छाटल्या, कापांवर शेणमाती, दोर लावून ओढली, टेकू दिले. उभी आहे. दिसते नुसता खांब.
फोन लागला. "फुलली की सांग गोदे, येतो." दर शिमग्याला हे यायचे, पहाटे कळ्या काढायचे, वळेसर ओवून माझ्या केसांत माळायचे. मग वास घेत बसायचे. पन्नाशीचा माणूस, लाज नाही.

२८ मार्च २०२१
शिमगा. पालवी आहे, कळी नाही. हेही नाहीत.

२ मे
ह्यांना तो ताप. खोलीवर एकटेच. "बरा हाय मी. चव नाय, वास नाय, येईल परत." मी इथे पाटातला गाळ उपसत बसलेय. हात कामात, जीव तिकडे.

१८ मार्च २०२२
यंदाही पानंच. ह्यांना रजा नाही. पाट वाहता झाला, नव्या बकुळी लावल्या, लोक येऊन फोटो काढतात. बाग छान झाली म्हणे. असेल. मला हे हवेत.

२६ फेब्रुवारी २०२३
कळ्या! जुन्या फांदीला चिकटून, गुच्छच्या गुच्छ. फोन केला. ह्यांनी दोनदा विचारून खात्री केली. मग म्हणाले, "निघतो."

४ मार्च
आले. वाळलेत. मी पाण्याला गेले तेवढ्यात चुलीवर सुकट करपली. अंगणापर्यंत करपट वास आला मला, आणि हे चुलीशेजारीच पाठ करून ढिम्म बसलेले! वर विचारतात, "काय झालं गो?" इतक्या दिवसांनी आलेल्या माणसावर ओरडले.

५ मार्च
पहाटे ह्यांनी कळ्या काढल्या. वळेसर माळला, केसांत नाक खुपसून कितीतरी वेळ काहीतरी शोधल्यासारखे हुंगत बसले. "तोच वास गो," म्हणाले. कालची सुकट तेव्हा कळली मला. वास परत आलेलाच नाही ह्यांचा.
मी म्हटलं, "हो. तोच."