दुर्बिणीवरचा लाल ठिपका

नाना,

काल दवाखान्यात नवी दुर्बीण आली. हिला डोळा लावावा लागत नाही. पोटातलं सगळं टीव्हीवर दिसतं, त्यामुळे कुत्र्याचा मालकही बघतो आणि वर मलाच शिकवतो. तुमची जुनी दुर्बीण भंगारात द्यायची म्हणून कपाटातून काढली, तर माझ्या हाताखालच्या डॉक्टरने विचारलं, "मॅडम, हे डोळ्यापाशी कडं कशाला?" म्हटलं, ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे फिरवून घ्यायला. तो "अच्छा" म्हणाला आणि चहा सांगायला गेला. मी मात्र तिची पेटी पुढ्यात घेऊन बसून राहिले. तुम्हाला जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली. रडू वगैरे काही आलं नाही. चहा आला, तो प्यायले.

माणसांच्या कुठल्याशा दवाखान्यातून मोडीत निघालेली ही दुर्बीण तुम्ही मुंबईहून मांडीवर ठेवून आणली होती. नव्वदीची सुरुवात होती, आणि जळगावात गुरांच्या डॉक्टरकडे असलं काही असतं हे कुणाला खरं वाटत नव्हतं. मी नुकतीच डॉक्टरकी शिकून साक्रीकडून तुमच्याकडे कामाला आले होते. मेहरूणच्या तुमच्या घरात पुढे दवाखाना, मागे तुमचा आणि अक्कांचा संसार. विजेचा दाब सांभाळणारा डबा फक्त अक्कांच्या फ्रिजला होता, म्हणून दुर्बिणीची पहिली मांडणी त्यांच्या स्वयंपाकघरात झाली. दिव्याची पेटी ओट्यावर घरघरते आहे, खाली पाण्याची बादली, शेजारी सुताराकडून भोक पाडून घेतलेला लाकडी ठोकळा. तो कुत्र्याच्या दातांत द्यायचा, म्हणजे नळी चावली जात नाही. अक्का एका कोपऱ्यात भाकरी थापताहेत आणि म्हणताहेत, "माझा ओटा बाटवला तुम्ही." तुम्ही बागेच्या रबरी पाइपात एखादा दाणा सरकवून ठेवता, मी दुर्बीण आत घालून ओळखायचं, तूर की हरभरा. चुकले की पुन्हा. एकदा मी नळी घट्ट गुंडाळून ठेवली तर तुम्ही आठ दिवस बोलला नाहीत. आतली काचेची तार तुटली की नजरेत काळा ठिपका पडतो, आणि तो कायमचा, हे मी त्या आठ दिवसांत शिकले.

डोळ्यापाशीचं कडं तुम्ही एकदाच जुळवलंत, चष्मा काढून, तुमच्या डोळ्याला. मग अक्कांच्या भाचीची नेलपॉलिश मागून तिथे एक लाल ठिपका दिलात, अर्धा कड्यावर, अर्धा खालच्या दांड्यावर. कडं हललं की ठिपका दुभंगायचा. "तुला बघायचं तर फिरव," म्हणालात, "पण काम झालं की ठिपका परत अख्खा दिसला पाहिजे. जनावर आडवं पडल्यावर माझा एक हात मुठीवर, एक नळीवर. कडं फिरवायला तिसरा हात कुठून आणू, पोरी?"

तुम्ही एका लग्नाला धुळ्याला गेलात, त्या दुपारी कडं माझ्या नजरेला फिरवून, डोळे मिटून पाइपात दाणे सरकवून मी एकटीच ते ओळखत बसले होते. सगळे बरोबर आले. त्या आनंदात दुर्बीण धुतली, पुसली, सैल वेटोळं करून पेटीत ठेवली. कड्याचं विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केळीच्या टेम्पोतून एक म्हातारे शेतकरी आपला राखणीचा कुत्रा घेऊन आले. "तीन दिन व्हयनात डॉक्टर, पाणी बी उतरत नही." तुम्ही त्याला भूल दिलीत, ठोकळा बसवलात, नळी आत घातलीत आणि डोळा लावलात. मी कुत्र्याची छाती बघत उभी. श्वास उथळ चालला होता. तुम्ही म्हणालात, "धुकं आहे." नळी बाहेर काढली, टोक धुतलं, पुन्हा घातली. पुन्हा धुकं. म्हातारे आबा पुढे वाकून विचारत होते, "काय शे मजार?" आत काय आहे हेच तर कळत नव्हतं. तुमच्या कपाळावर घाम आला. तो मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मग मान न वळवता तुम्ही म्हणालात, "तू बघ."

मी बघितलं. सगळं लख्ख दिसत होतं, नाना. गुलाबी अन्ननलिका आणि तिच्यात आडवं अडकलेलं पांढरं हाड, त्याची एक धार डाव्या बाजूला रुतलेली. मी सांगत गेले, थोडं पुढे, उजवीकडे, आता धरा, आणि तुम्ही माझ्या शब्दावर चिमटा चालवत गेलात. हाड निघालं. आबांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि तुमच्यादेखत म्हणाले, "पोरनी नजर भारी शे, नाना!" तुम्ही हसलात. मग तुम्ही चष्मा डोळ्यांवर चढवलात, पुन्हा काढलात, आणि खिडकीबाहेर बघत राहिलात.

मोरीवर दुर्बीण धुताना मला ठिपका दिसला. दोन तुकडे झाले होते, मध्ये बोटभर अंतर. काखेत कळसा म्हणतात तसं. तेव्हाच बाहेर येऊन एक वाक्य बोलायचं होतं, नाना, माझी चूक झाली. मी कडं मुकाट्याने ठिपक्यावर आणलं. म्हटलं, उद्या ते स्वतः बघतील आणि कळेल. पण संध्याकाळी तुम्ही पेटीची किल्ली माझ्यासमोर ठेवलीत. "आता तू बघत जा. आमच्या आईचे डोळे याच वयात गेले." मी किल्ली घेतली. कुणी मला त्याआधी काही दिलं नव्हतं असं नाही, पण असं काही दिलं नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे तुम्ही गेला नाहीत, "तो काय वेगळं सांगणार" म्हणून. आधी शस्त्रक्रिया सोडल्यात, मग टाके. नुसत्या लशी टोचायला उरलात, मग तेही नको म्हणून सकाळी तलावावर जाऊन बसायला लागलात. लोक माझ्याकडे यायला लागले. दुर्बीणवाली बाई म्हणून अमळनेरहून कुत्री यायची. तुम्ही लोकांना सांगायचात, हिने माझी नजर उचलली. मी तोंडात मिठाची गुळणी धरलेली. तुमच्या दहाव्याला अक्का सहज म्हणाल्या, "शेवटपर्यंत सुईत दोरा तेच ओवून द्यायचे गं मला." सगळ्यांनी मान हलवली, मीही हलवली. आत काही हललं नाही. तेव्हापासून ते तसंच आहे, भूल उतरलीच नाही असं.

अक्का आहेत अजून. दिवाळीला जाते. हे पत्र पाठवायचं झालं तर त्यांच्याच पत्त्यावर, आणि त्यांना आता खरंच दिसत नाही, तेव्हा वाचून दाखवायला त्या मलाच सांगतील. म्हणून पाठवणार नाही.

एक राहिलं. किल्ली दिल्यानंतर महिन्याभराने मी बाजारातून आले तर तुम्ही पेटी उघडून बसला होतात. दुर्बीण हातात होती आणि अंगठा कड्यावरून फिरत होता. म्हणजे तुम्हाला शंका आली होती. तुम्ही विचारलंत, "पोरी, इथे ठिपका होता ना?" मी म्हटलं, "स्पिरिटने पुसला गेला असेल." तुम्ही "असेल" म्हणालात आणि डोळा न लावताच दुर्बीण पेटीत ठेवलीत.

स्पिरिटने नव्हता गेला, नाना. किल्ली परत द्यावी लागू नये म्हणून तो मी ब्लेडने खरवडला होता.