भट्टा तलावाची खरी हकीकत

नरडाणा,
सोमवार, सकाळ

ती. तोताराममामा यांना भूषणचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एकाच हाताचा. दुसरा गळ्यात अडकवलेला आहे.)

तुमची शुगर, मामींचे गुडघे आणि दीपनगरच्या वीज केंद्रातून क्वार्टरच्या ओट्यावर येणारी राख, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. खरे तर फोनच केला असता. पण फोनवर तुम्ही नुसते "हं" म्हणता आणि त्या "हं"चा अर्थ लावण्यात माझी झोप जाते. त्यात तुमचा परवाचा निरोप एवढाच, की "आखाजीचं राहू द्या आता." मामा, आखाजीला, म्हणजे ऐन अक्षय्य तृतीयेला, तुम्ही येणार, माझ्या आणि पुनमच्या लग्नाची बोलणी होणार, म्हणून आईने पाहुण्यांसाठी नव्या चादरीही आणून ठेवल्या आहेत. मागच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात, की पोरगा सरळ आहे. आता अचानक "राहू द्या" आले. म्हणजे आमच्या गल्लीतल्या कामिनीकाकू पॅसेंजरने भुसावळला आल्या आणि त्यांच्या पिशवीतून माझी बातमीही आली, हे मी ओळखले. त्यांनी तुम्हाला सांगितले म्हणे, की भूषण दारू पिऊन, अर्ध्या चड्डीत, चिखलाने माखून, एका परक्या पोरीच्या खांद्यावर डोके टाकून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गावात आला. यातला चिखल तेवढा खरा आहे. (चड्डीही.)

आधी एक खुलासा. उजवे मनगट मुरगळल्यामुळे मी सांगतो आहे आणि ओळखीची एक व्यक्ती लिहून घेते आहे. व्यक्ती हा शब्द स्त्रीलिंगी असल्याने तिच्याबद्दल "ती" असे लिहिले जाईल, त्यावरून गैरसमज नसावा. शुद्धलेखन माझे आहे, ओळन् ओळ तपासतो आहे. कंसांतला मजकूर मात्र त्या व्यक्तीचा. तो खोडा म्हटले तर पेन खाली ठेवण्याची धमकी मिळते. (धमकी नव्हे, अट.) आई समोरच मेथी निवडत बसली आहे आणि कारण नसताना हसते आहे.

तर झाले असे. ज्यांच्या किराणा दुकानात मी काम करतो त्या हस्तीमल शेठजींचा नातू रोनक पुण्याहून एक सायकल घेऊन आला. हँडल बोकडाच्या शिंगांसारखे खाली वळलेले. स्टँड नाही, घंटी नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. शेठजींनी चारही बाजूंनी पाहून विचारले, "बाकीचं सामान मागून येणार आहे का?" रोनक म्हणाला, ही ग्रॅव्हल बाईक आहे, खडी-मुरमाच्या रस्त्यावर चालवायची. शेठजी म्हणाले, मग आपल्या डांबरी रस्त्यावरही चालेल.

रोनकच्या मनात आले, की नरडाण्याच्या आसपास जंगले आणि तलाव यांमधून जाणारा एक मार्ग आखावा आणि धुळे-जळगावच्या सायकलवाल्यांना बोलवावे. आता आपल्याकडे जंगल म्हणजे वनखात्याने लावलेला निंब-बाभळीचा पट्टा, आणि तलाव म्हणजे पाझर तलाव, जे होळीपर्यंत पाझरून मोकळे होतात. पण पुण्याहून आलेल्या माणसाला हे कोण सांगणार? तो गावोगाव फिरून ठिकाणांची नावे टिपून आणू लागला आणि बाणांच्या पाट्या रंगवण्याचे काम त्याने माझ्याकडे दिले. ते योग्यच होते. अकरावीत इंग्रजीने मला घरी बसवले हे खरे, पण मराठीत मला ऱ्हस्व-दीर्घावरून आजवर कोणी पकडलेले नाही. दुकानातल्या डब्यांवरच्या "शेंगदाने"चे "शेंगदाणे" मीच केले. पाट्या लावण्यापूर्वी सगळा मार्ग मी स्वतः फिरून पाहिला. (शेठजींच्या लुनावर. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.)

रोनकची शाळा इंग्रजी, त्यामुळे त्याच्या टिपणात "जूना बांद" आणि "नीबाचे जंगल" असले प्रकार होते. ते मी दुरुस्त केले. पुढे आले "बठ्ठा तलाव". मामा, तुम्ही जन्माने इकडचेच. आपल्या बोलीत बठ्ठा म्हणजे सगळा. कुठल्या तलावाचे नाव "सगळा" असेल का? मी पुष्कळ विचार केला. मग लक्षात आले, की त्याच बाजूला लोटनभाऊंचा विटांचा भट्टा आहे आणि भट्ट्यामागे माती काढून काढून झालेला पाण्याचा खड्डाही आहे. रोनकने "भ"चा "ब" केला, झाले! मी ऑइल पेंटने ठळक लिहिले : "भट्टा तलाव", आणि बाण भट्ट्याकडे वळवला.

नंतर कळले ते असे. रोनकने भट्ट्यापाशी उभे राहून पलीकडच्या मोठ्या सखल माळाकडे हात केला आणि विचारले, हे काय? लोटनभाऊ म्हणाले, "पानी पडनं ना भाऊ, बठ्ठा तलावच शे!" म्हणजे पाऊस पडला की सगळीकडे तलावच. रोनकला वाटले नाव सांगितले. माझे शुद्धलेखन बरोबर होते, तलावच नव्हता, त्याला मी काय करणार?

सायकली निघायच्या दिवशी पहाटे रोनकने मला त्यांच्यासारखेच कपडे घातले. त्या चड्डीला बसायच्या जागी स्पंज शिवलेला असतो, तो वैद्यकीय कारणासाठी आहे, कृपया कामिनीकाकूंना कळवावे. मग त्याने सगळ्यांसमोर मला एका सायकलवर बसवले आणि म्हणाला, मार्ग आखणारा पुढे पाहिजे. तेव्हा मी काही बोललो नाही. (बोलायला हवे होते. याला सायकल येत नाही. मामाच्या, म्हणजे तुमच्या, गावातही कधी आली नाही.) महादेवाच्या टेकडीवरून उतार होता. कोणीतरी मागून धक्का दिला आणि सायकल आपली आपण निघाली. मी सर्वांच्या पुढे होतो. लोकांना वाटले काय वेग आहे! (ब्रेक कुठे असतो हे त्याने वाटेत कोणाला विचारले नाही.) निंबाचा पट्टा कधी आला आणि गेला ते कळले नाही. पाटी दिसली, अक्षर सुरेख आले होते, बाण दिसला, मी बाणाप्रमाणे गेलो, आणि भट्ट्यापाशी रस्ता वळला तरी सरळच गेलो. माझ्यामागून विश्वासाने बाकीचे.

विटांसाठी मळून ठेवलेला मातीचा गारा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्यात राख मिसळतात, आणि ती राख दीपनगरचीच असते असे लोटनभाऊ सांगतात. म्हणजे मी एका परीने तुमच्याच अंगणात पडलो. लोटनभाऊ खोरे घेऊन धावत आले. "अरे भो, दोन दिनपाईन माती मळेल व्हती मनी! आते इटासवर मनं नाव टाकू का तुम्हनं?" विटांवर आता त्यांचे नाव टाकायचे की माझे, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

मला धुळ्याच्या गटातल्या एका सायकलस्वाराने दंडाला धरून बाहेर ओढले. (सायकलस्वार मुलगी होती. आणि दंडाला नव्हे, मानगुटीला.) ती पाटीकडे पाहून एवढेच म्हणाली, "ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे." मग लोटनभाऊंनी आम्हा दोघांना ट्रॉलीत घातले. माझ्या हातात नारंगी पाण्याची बाटली होती. त्यात मीठ-साखर असते, दारू नसते. खांद्यावर डोके टाकले नव्हते, चाक खड्ड्यात गेल्यामुळे ते तिकडे गेले. (रस्ताभर खड्डेच होते.) त्या मुलीबद्दल मी इतकेच सांगू शकतो, की ती परकी नाही. याहून अधिक बोलायला मला मनाई आहे.

मामींना नमस्कार, पुनमला आशीर्वाद... म्हणजे पुनमला जे योग्य असेल ते सांगावे.

आपला भाचा,
भूषण

ता. क. : मामा, आखाजीला या. चादरी धुऊन ठेवल्या आहेत.

ता. क. २ : पप्पा, अक्षर तुम्ही पहिल्याच ओळीत ओळखलं असणार. हा मला उलटं तिरकं लिही म्हणत होता, म्हणजे ओळखणार नाही म्हणे. ट्रॉलीतली परकी पोरगी मीच. चिखल आणि गॉगल असल्यामुळे काकूंनी ओळखलं नाही. धुळ्याला माझा रविवारचा क्लास नसतो, रविवारी मी हॉस्टेलमधल्या मैत्रिणीची सायकल चालवते, आणि आज कॉलेज बुडवून इथे लिहायला बसले आहे. तुम्ही रागवाल ते आखाजीला येऊन समोर रागवा. आणि तुम्ही म्हणाला होतात ते खरं आहे, पोरगा सरळ आहे. इतका, की वळणावरही वळला नाही. मला हाच पाहिजे. येताना पडवीतली माझी लहानपणची लाल सायकल तेवढी आणा. मागची दोन छोटी चाकं काढू नका. – पुनम

ता. क. ३ : वरचा पुनमचा मजकूर मी दोनदा तपासला. चूक एकही नाही. – भूषण