देवाची मूठ

प्रिय आत्याबाई,

सलाम. तुमच्या लेकाला मी कधी दोन ओळींची चिठ्ठी लिहिली नाही, अन् सासूला पत्र लिहायला बसले आहे! काय करू? सकाळी चर्चच्या पाळकबाई दारात आल्या. म्हणाल्या, सासूबाई गेल्यापासून तुमच्या घरचा डबा चर्चमध्ये आला नाही. मी म्हणाले, ज्वारीला किडे लागलेत. चक्क खोटं बोलले. डब्यात ज्वारीच नव्हती, तर किडे कशाला लागतील?

आता तो डबा पुढ्यात आहे. झाकणावर तुम्ही खिळ्याने काढलेला क्रूस, तोसुद्धा वाकडा.

लग्न होऊन येलदरीला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी तुम्ही मला हा डबा दाखवला होता. स्वयंपाकाला हात लावायच्या आधी एक मूठ ज्वारी त्यात ठेवायची. रविवारी डबा चर्चमध्ये न्यायचा, तिथून ती मंडळीतल्या नडलेल्या घरी जायची. माझी मूठ लहान पडली, की तुम्ही बोटं धरून परत भरायला लावायच्या. मी कुरकुरले की म्हणायच्या, "बायबलातल्या गुणी सुनेचं, रूथ नाव ठिवलं तुझ्या बापानं, अन् जीभ अशी!" तुम्हाला हसू यायचं अन् मला राग.

मग तुमच्या डॅनियलची जीप उलटली. मांडीचं हाड मोडलं, सहा महिने खाट धरली. तुमची मजुरी अन् माझं शिवण, एवढ्यावर घर. पोरगी दीड वर्षाची. तरी तुमची मूठ काही चुकेना! पहाटे गोणपाटावर गुडघे टेकून प्रार्थना, उपासाच्या चाळीस दिवसांत एकच वेळ जेवण, अन् वर ही मूठ. मी एकदा तोंडावर बोलले, की देवाला दिसत नाही का, नडलेलं घर कुठलं आहे ते? तुम्ही भाकरी थापत राहिलात.

त्यानंतर मी चोरी सुरू केली. तुम्ही कामाला गेलात, की डब्यातली ज्वारी काढून दळणात घालायची. लाज वाटली नाही, खरं सांगते. रविवारी डबा रिकामा निघेल अन् आपलं भांडण होईल, म्हणून मी तयारच असायची. पण दर रविवारी डबा भरलेला! मी चक्रावून जायची.

ईस्टर झाला. सगळ्यांचे उपास सुटले, तुमचा सुटेना. पोट बरं नाही म्हणायच्या. एक दिवस नळावरून हंडा उचलताना तुम्ही मटकन खाली बसलात, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. संध्याकाळची भाकर सोडून तेवढी ज्वारी तुम्ही डब्यात भरत होतात. माझी चोरी ठाऊक असून! मी रडायला लागले, तर म्हणालात,

"तू लेकराला घातलीस, ती देवाला पोचली. माझी ऱ्हायली होती, ती मी ठिवली. त्यात रडायचं काय?"

असं कुणी करतं का, आत्याबाई? दोन शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. लय चिडले होते मी तुमच्यावर. त्या संध्याकाळी माझी भाकर मोडून निम्मी तुमच्या ताटात टाकली, अन् तुम्ही खाईपर्यंत समोरून हलले नाही. दुसऱ्या दिवसापासून मूठ मीच ठेवायला लागले. तोवर मी देवाकडे नुसतं मागायची. डॅनियलचा पाय बरा कर, घरात दाणा येऊ दे. रोज मूठ ठेवायला लागल्यावर वाटायला लागलं, देता येतंय म्हणजे अजून आपल्याकडे आहे. भीती कमी झाली. पाय तसाच होता, तरी कमी झाली.

गेल्या थंडीत तुम्हाला लकवा मारला अन् वाचा गेली. परभणीच्या दवाखान्यात होतो, तेव्हा मी देवाशी बोलणंच सोडलं. या बाईनं एवढे गुडघे झिजवले, त्याचं हे फळ? तुम्हाला घरी आणलं, तर तुम्ही उजव्या हाताची बोटं कशीबशी मिटली, मूठ केली अन् माझ्याकडे बघितलं. ठेवली का, एवढंच विचारत होतात. मी म्हणाले, "ठेवली, आत्याबाई. रोज ठेवते." तुमचा चेहरा निवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

ठेवली नव्हती. घरी आल्यावर नाही, नंतरही नाही.

म्हणून मी डब्याला हात लावत नव्हते. झाकण बघितलं तरी तुमची ती मूठ आठवायची. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले, याची माफी कुणाकडे मागायची? पण आज सकाळी पाळकबाईंशी खोटं बोलले अन् मनात आलं, डब्यातली चोरी ज्यांना पहिल्या दिवशी कळली, त्यांना हे कळलं नसेल? कळलं असणार. तरी तुम्ही निवांत डोळे मिटलेत. रूथ आज नाही तर उद्या ठेवील, एवढा भरवसा होता तुम्हाला माझ्यावर. मला नव्हता हो.

येत्या रविवारी डबा मीच नेणार आहे. किड्यांची थाप पाळकबाईंना कबूल करणार आहे. अन् देवाचा राग आला, त्या दिवशीसुद्धा मूठ ठेवीन, भांडत भांडत ठेवीन. मात्र तुमच्यासारखी उपाशी राहून नाही हं! जेवून ठेवीन.

हे लिहिता लिहिता मधे उठले होते. आज ठेवली, आत्याबाई. बोटं धरायला तुम्ही नव्हतात, म्हणून दोनदा भरून घेतली.

तुमची भांडखोर सून,
रूथ