काठोकाठ भरलेले कॅन

२ मे
निर्णय झाला. जूनमध्ये स्पीती, थेट हिमालयात. टूरवाल्यांची बस नाही, आपली जुनी जीप. सोबत वासंती. तिला अजून बोललो नाही, पण इतक्या वर्षांच्या संसारात बायकोच्या मनातलं कळतंच. शाळेत वाटेवरची एक कविता होती. ती शिकवताना बाई खिडकीबाहेर बघायच्या. बाहेर फक्त सायकलींची शेड होती, मला मात्र डोंगर दिसायचे. साताऱ्याचा तो मुलगा लखनौत म्हातारा झाला. डोंगर राहूनच गेले.

५ मे
वासंतीला सांगितलं. तिने गॅस बारीक केला आणि भेंडी चालेल ना, असं विचारलं. म्हणजे कबूल आहे.

९ मे
जावयाचा फोन. सत्यजित दर रविवारी मित्रांबरोबर नदीच्या रेतीत गाडी रुतवतो आणि त्याला ऑफ-रोडिंग म्हणतो. म्हणाला, तिकडे पेट्रोल पंप लांब लांब आहेत, जास्तीचं पेट्रोल बरोबर ठेवा. हे मला आधीच सुचलं होतं. मग त्याचं भाषण. पत्र्याचा जेरीकॅन घ्या, जमिनीवर ठेवूनच भरा, वर चार बोटं जागा सोडा कारण उन्हात पेट्रोल फुगतं, गाडीच्या आत ठेवू नका, बाहेर मागच्या बाजूला पट्ट्याने आवळा. ऐकून घेतलं. मी संशोधन संस्थेत नोकरी केली आहे. ग्रंथालयात, हे खरं, पण ज्वलनावरची सगळी नियतकालिकं माझ्याच हातून कपाटात गेली.

१४ मे
आलमबागच्या बाजारात जेरीकॅन पाहिला. हिरवा, ओबडधोबड, लढाईवर निघाल्यासारखा. असलं काही पाठीशी बांधून हिमालय कसा बघायचा? घरी मोहरीच्या तेलाचे दोन मोठे पिवळे कॅन आहेत. वासंती त्यात झाडांसाठी पाणी साठवते. ओतून टाकलं. प्लास्टिक जाड आहे. बोटाने वाजवून खात्री करून घेतली.

१५ मे
पंपावर अपमान. तिथल्या माणसाने कॅन बघून मान हलवली, इसमें नहीं मिलेगा बाबूजी. मी विचारलं, तेल राहतं तर पेट्रोलला काय झालं? तो मागच्या स्कूटरकडे वळला. या शहरात पूर्वी नाही म्हणण्याचीसुद्धा एक अदब होती.

१७ मे
तोडगा सापडला. जीपची टाकी भरून आणायची आणि घरी नळीने काढायचं. पहिला घोट पोटात गेला. दिवसभर पेट्रोलचे ढेकर. वासंती डॉक्टरकडे चला म्हणत होती. नको म्हटलं. पद्धत मात्र उत्तम आहे.

२० मे
दोन्ही कॅन भरले. काठोकाठ. सत्यजितची चार बोटं त्याच्यापाशी. अर्धवट भरलेलं भांडं घेऊन कोणी शुभकार्याला निघतं का? मागच्या सीटवर ठेवले. वर चादर घातली, सोलापुरी.

२४ मे, दुपार
भयंकर लू, वारा नुसता भाजतो. कॅनची पोटं फुगली आहेत. स्वयंपाकघराची खिडकी जीपच्या पोर्चवर उघडते, त्यामुळे वासंतीला वास येतो. डोकं धरून बसली होती. मी म्हटलं, कूलरमधला वाळा जुना झाला आहे. तिने खिडकी लावून घेतली. मला तर तो दूरच्या रस्त्यांचा वास वाटतो. दोन ओळी सुचल्या:
वाट बोलावी दुरून, उठा, निघा हो पांथस्थ
मागे राहो धुराचे गाव, पुढे बर्फाचे प्रस्थ
वासंतीला म्हणून दाखवल्या. डोळे मिटून ऐकत होती.

१ जून
चाचणी. मलिहाबादच्या बागांमधल्या कच्च्या वाटा. दशहरी आंबे अजून कच्चे. जीप अप्रतिम. एका खड्ड्यात एक कॅन आडवा झाला, झाकणातून थोडं सीटवर पाझरलं. किरकोळ. वासंतीला बांधावर उलटी झाली. तिला गाडी लागते. परत बसायला तयार होईना. एका बागेत खाटेवर बसून राहिली, मग शेअर टेम्पोने एकटीच घरी आली. प्रवासाची सवय होते आहे, चांगलं आहे.
झाकणाला प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड लावलं. प्रश्न मिटला.

८ जून
प्रणिता आली होती. आमची मुलगी मराठी ऐकते, भांडते हिंदीत. जीपचं दार उघडून नाकाला ओढणी लावली. बाबा, आई को कुछ हो गया तो? हे ती तीनदा म्हणाली. मी म्हटलं, तुला शाळेत कविता नीट शिकवल्या नाहीत, त्याचं हे फळ. सत्यजितने आग विझवायचा लाल सिलिंडर आणला आहे, लहानसा. जीपमध्ये जागा नाही, पुस्तकांची ट्रंक आहे. चपलांच्या कपाटामागे ठेवला. प्रणिताने आईला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे. वासंती माझ्याकडे बघून म्हणाली, जाऊ दे, त्यांची सगळी तयारी झाली आहे. घ्या.

१५ जून, पहाट
आज प्रस्थान. रात्रभर जीप कुलूपबंद ठेवली होती, चोरीची भीती. वासंती म्हणते, वास फार येतोय, दिवा नको, नुसता हात जोडू. मी म्हटलं, औक्षणाशिवाय आमच्या घरातलं वाहन उंबऱ्यापासून हललेलं नाही. माझ्या आईने तर सायकललाही ओवाळलं होतं. निरांजन, सुपारी, अक्षता, चाकाखाली लिंबू. पुढून ओवाळायचं आणि मागूनही, कारण सामान मागे आहे. प्रणिता-सत्यजित निरोपाला आले आहेत.
बाकी संध्याकाळी, मुक्कामावरून.

१६ जून, हॉस्पिटलचा बाक
मी बॉनेटपाशी उभा राहून माझ्या दोन ओळी म्हणत होतो, त्यामुळे मागे काय झालं ते नीट दिसलं नाही. मागचं दार मीच उघडलं होतं, लाडवांचा डबा ठेवायला. वासंती तबक घेऊन मागे गेली. आवाज फार मोठा नव्हता. मोठी चादर झटकल्यासारखा. सत्यजितने तिला ओढून काढलं, शेजारच्या बांधकामाची रेती जीपवर ओतली. सिलिंडर कुठे आहे, असं तो ओरडत होता. मला त्या क्षणी आठवेना.
तिचे दोन्ही हात भाजले, कोपरापर्यंत. गळ्याची एक बाजू. कॅन टिकले असते तर एवढं झालं नसतं. हलका माल. कंपनीला कडक पत्र लिहिणार.

१९ जून
वासंतीची तब्येत सुधारते आहे. म्हणजे ओरडत नाही. बोटांचं नंतर सांगू, असं डॉक्टर म्हणतात. प्रणिता माझ्याशी बोलत नाही, दमली असेल. मी वासंतीला शाळेतल्या कविता म्हणून दाखवायचं ठरवलं आहे. रोज एक. आज एक झाली. नर्सने बाहेर जायला सांगितलं.

२७ जून
विचार केला. दोष तपासला पाहिजे, शास्त्रीय पद्धतीने. निरांजनात तूप होतं. तेल असतं तर ज्योत लहान राहिली असती.
सत्यजितला सांगितलं. तो चहा आणायला गेला आणि आलाच नाही.

९ जुलै
डिस्चार्ज. प्रणिताने तिला स्वतःच्या घरी नेलं. तात्पुरतं, ड्रेसिंग तिथून जवळ पडतं. जीपचा सांगाडा पोर्चमध्ये आहे. पुढचा भाग जवळजवळ शाबूत. सप्टेंबरमध्ये स्पीतीला आकाश निळं असतं म्हणतात.

२ ऑगस्ट
वासंतीला आणायला प्रणिताकडे गेलो. तिची खोली आवरून ठेवली होती, खिडकी उघडी. ती पलंगावर बसली होती. प्रणिता तिला भात भरवत होती. डाव्या हाताची दोन बोटं आता वळणार नाहीत. मी म्हटलं, चल, रिक्षा थांबवली आहे. तिने घास गिळला. प्रणिताने तोंड पुसून दिलं. मग वासंती म्हणाली,
"तुम्ही मला विचारलंच नव्हतं. भेंडी चालेल का, एवढं मी तुम्हाला रोज विचारत आले."
मी म्हटलं, आता विचारतो, घरी येतेस का?
"नाही."
एवढंच. आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी नाही. प्रणिताने पुढचा घास उचलला. मी खाली आलो. रिक्षावाला गेला होता. मेट्रोने आलो. एका मुलीने उठून जागा दिली.

३ ऑगस्ट, सकाळ
दूधवाल्याला सांगितलं, आजपासून पाव लिटर. म्हणाला, पाव लिटरसाठी इतक्या लांब येणं जमणार नाही, दुकानातून आणत जा.
उद्यापासून आणतो.