आईंना सोडून दहा दिवस

६ नोव्हेंबर
अर्ज भरला! पुसदजवळचं ध्यानशिबिर, दहा दिवस. न बोलता, डोळे मिटून बसायचं. आईंना, म्हणजे सासूबाईंना, अजून सांगितलेलं नाही.
श्रीकृष्ण, माझे यजमान, गेले आणि तीनच महिन्यांत आई न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पलंगावरून त्या उठल्याच नाहीत. अडीच वर्षं झाली. न्हाऊ घालणं, भरवणं, बेडपॅन — सगळं मीच. एकदाही माहेरी गेले नाही. गल्लीत म्हणतात, रजनीताई म्हणजे देवमाणूस! ऐकायला आवडतं. तेही लिहून ठेवते.

७ नोव्हेंबर
सांगितलं. आई छताकडे पाहत म्हणाल्या, “जाय वं माय.” एवढंच.

९ नोव्हेंबर
नागपूरहून अनघाचा, नणंदेचा फोन. “आईला भांडेवालीच्या भरवशावर टाकून तू शांती शोधायले जाणार? वा!” म्हटलं, गंगी दहा दिवस मुक्कामालाच राहणार आहे. “आपलं माणूस रडवून कोणता देव भेटते, वहिनी?”
देवळात कीर्तनकारबुवाही तेच सांगतात — चंदनासारखं झिजावं. झिजले की! पण हल्ली आईंना घास भरवताना माझा हात जरा जोरात जातो. परवा चमचा दातावर आपटला.

१४ नोव्हेंबर
इथे लिहायला मनाई आहे. वही साडीच्या घडीत लपवून आणली. फोन जमा केला.

१७ नोव्हेंबर
काल दिवसभर आईंची आठवण आली नाही. एकदाही नाही! गाढ झोपले, पोटभर जेवले. आज जेवताना हे लक्षात आलं आणि ताट बाजूला सारलं.

१९ नोव्हेंबर
शिबिराच्या गुरुजींशी बोलायला पाच मिनिटांची मुभा मिळाली. म्हटलं, मी स्वार्थी आहे. घरी म्हातारं माणूस पडून आहे आणि मला इथे बरं वाटतंय. ते म्हणाले, “तहानलेल्यानं पाणी पिणं हा स्वार्थ नाही.”
पटलं. पण सांगायचं होतं ते तोंडातून निघालंच नाही. दिवाळीआधी आईंना ताप होता. औषध देऊन उशाशी बसले होते. मनात आलं — आता गेल्या तर बरं. त्यांची सुटका म्हणून नाही. माझी.

२४ नोव्हेंबर
घरी आले. दार आईंनी उघडलं! ऑपरेशननंतर आणलेला, धूळ खात पडलेला वॉकर धरून, उभ्या!
गंगीवर ओरडलेच — पडल्या असत्या तर?
“बाई, म्या काहीच नाही केलं. तुम्ही गेल्या अन् दुसऱ्याच दिवशी आजीनं पाय खाली टाकले. आता तं चहा बी त्याच करून राह्यल्या.”
म्हणजे मीच त्यांना अडीच वर्षं झोपवून ठेवलं? लोकांनी चांगलं म्हणावं म्हणून? मोरी गाठून रडले.

२५ नोव्हेंबर
सकाळी विचारलं — आई, उठता येत होतं तर मला का नाही सांगितलं?
त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, “श्रीकृष्ण गेल्यावर तू तीन महिने तोंडसुद्धा धूत नव्हती. मी पडली, तवा तू उठली. मले वाटे, मी उठली तं तू पुन्हा पडशीन.”